बघू, येईल हळूहळू

माझं उजवं कोपर आज ज्या नसेच्या जोरावर वाकतं, ती मुळात मनगटाच्या स्नायूची नस आहे. मोटारसायकलवरून पडताना मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे हिसकला गेला, की मानेतून हातात उतरणारं नसांचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, ताणलं जातं, तुटतं किंवा मज्जारज्जूपासून मुळासकट उपटलं जातं. वरची दोन मुळं गेली, की माझ्यासारखी अवस्था होते: बोटं चालतात, पण खांदा उचलत नाही आणि कोपर वाकत नाही. या दुखण्यातून गेल्यावर एक गोष्ट मला ठासून सांगावीशी वाटते. ‘बघू, येईल हळूहळू’ हा सल्ला ठरावीक मुदतीपुरताच बरोबर असतो आणि ती मुदत रुग्णाला पहिल्याच महिन्यात कळली पाहिजे.

मुदत कशासाठी, याचं उत्तर शरीरातच आहे. तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडापर्यंतचं अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर धरलं, तरी तिला तिथे पोचायला सात-आठ महिने हवेत. इकडे नसेविना पडून राहिलेला स्नायू रोज झिजत असतो. नस आणि स्नायू जिथे जोडले जातात ती जागाच साधारण वर्ष-दीड वर्षात निकामी होते आणि मांसाच्या जागी चरबी व चिवट तंतू भरतात. मग नस पोचली तरी तिचा हुकूम ऐकणारं कुणी उरत नाही. म्हणूनच नस जोडण्याची किंवा वळवण्याची शस्त्रक्रिया शक्यतो तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. हाड उशिरा जुळलं तरी चालतं. इथे उशीर भरून निघत नाही.

नर्व्ह ट्रान्सफरचं, म्हणजे चालत्या नसेचा एक भाग निकामी नसेला जोडण्याचं, सामर्थ्य याच हिशेबात आहे. पॅरिसचे शल्यविशारद क्रिस्तोफ ओबरलँ यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत पाहा. करंगळीच्या बाजूला जाणारी अल्नर नस दंडात बायसेप्सच्या अगदी जवळून उतरते. मायक्रोस्कोपखाली तिचं आवरण उघडून आतले जुडगे सुटे करतात आणि एकेकाला विजेचा हलका स्पर्श देतात. ज्याच्या स्पर्शाने बोटांपेक्षा मनगट जास्त वाकतं, तो जुडगा निवडून कापतात आणि केसाहून बारीक टाक्यांनी बायसेप्सच्या नसेला जोडतात. आता अंतर उरतं काही सेंटिमीटरच, त्यामुळे बरेचदा काही महिन्यांतच स्नायूत पहिली थरथर दिसते. खांद्यासाठी मानेजवळच्या ट्रॅपेझियस स्नायूची नस वळवतात. सगळीच मुळं उपटली असतील, तर बरगड्यांमधल्या नसा घेतात. त्या रुग्णाला सुरुवातीला खोल श्वास घेऊन कोपर वाकवावं लागतं.

‘आपोआप येत असेल तर कापायचं कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. नस नुसती बधिर झाली असेल, तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हात परत येतो. बाळंतपणात नस ताणलेल्या पुष्कळ बाळांचे हातही शस्त्रक्रियेविना सुधारतात. म्हणून मुक्या मारात पहिले काही आठवडे थांबणं योग्यच. पण थांबायचं म्हणजे तेलमालीश करत बसायचं नाही. तीन-चार आठवड्यांनी ईएमजी (स्नायू आणि नसांची विजेची चाचणी), दर महिन्याला प्रत्येक स्नायूच्या ताकदीची नोंद, आणि तीन महिन्यांनी बायसेप्समध्ये काहीच हालचाल नसेल तर नसांचं काम करणाऱ्या सर्जनकडे चिठ्ठी: असं थांबणं हाही उपचारच असतो.

दुसरी भीती जास्त खोल असते. आधीच एक हात गेलेला, त्यातली चांगली नस कशी कापू द्यायची? यावर माझं उत्तर असं, की शरीराने एकेका कामाला गरजेपेक्षा जास्त तंतू दिले आहेत. जुडगा पारखून घेतला, तर पकडीवर टिकाऊ परिणाम सहसा होत नाही. हात पूर्ववत होतो, असं मात्र कुणी सांगू नये. खांदा बहुधा पूर्ण उचलत नाही, दंडाची ताकद जुन्या हाताशी बरोबरी करत नाही आणि मुळं उपटल्यावरची आग या ऑपरेशनने थांबेलच असं नाही. पण घास तोंडापर्यंत नेणं आणि लोंबकळता हात पट्ट्यात अडकवून वावरणं, यांतलं अंतर ज्याने भोगलंय त्याला ही मिळकत छोटी वाटणार नाही.

ऑपरेशननंतरचं काम लांबलचक आहे. आधी मनगट वाकवलं तरच कोपर वाकतं. मेंदू हळूहळू ही दोन कामं वेगळी करायला शिकतो. नस पोचेपर्यंत कोपर आणि खांदा फिजिओकडून मोकळे ठेवले नाहीत, तर आखडलेल्या सांध्यापुढे नवी नसही हतबल होते.

तुमच्या घरात अपघातानंतर कुणाचा हात लुळा असेल, तर अपघाताची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. तीन महिने होत आले आणि कोपर हलत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘नसांच्या सर्जनला कधी दाखवायचं?’