आवाज बसल्यावर

सरांचा आवाज म्हणजे आख्खं शिबिर. ओढ्याच्या अलीकडून "पाट्या हलवा रे!" अशी हाक गेली की पलीकडच्या मळ्यातली माणसंसुद्धा मान वर करत. सरांना त्याचा अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. दिवाळीनंतर डॉक्टरांनी स्वरयंत्रावरच्या गाठी दाखवल्या आणि ओरडायला सक्त मनाई केली. पुढ्यात राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं, सात दिवसांचं शिबिर, सातारा जिल्ह्यातलं दत्तक गाव आणि ओढ्यावर घालायचा वनराई बंधारा.

एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी तीन वर्षांसाठी नेमतात, फार तर एखादं वर्ष वाढतं. सरांची ही मधल्या खंडानंतरची दुसरी खेप. दोन्ही खेपांत कोडं एकच: पोरं चुकताना दिसली की आपण गप्प किती वेळ बसायचं? लगेच बोललं तर गटप्रमुख नुसता निरोप्या होतो. बोललंच नाही तर दिवस फुकट जातो, गावकरी हसतात, पोरांचा हुरूप ओसरतो. कुठल्याच प्रशिक्षण वर्गात हे सांगत नाहीत. तिथे अहवाल कसा भरायचा ते सांगतात.

आवाज गेल्यावर सरांना वाटलं, सुटलो. कसलं काय! पोरं आता त्यांच्या तोंडाऐवजी कपाळाकडे बघू लागली. भुवई चढली की गोणी खाली, मान डोलली की गोणी वर. शेवटी सर बांधाआड जाऊन बसले. तिथूनही टोपी दिसते असं कळल्यावर त्यांनी ती काढून मांडीखाली घेतली.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं सुतळीनं शिवायची आणि सांधमोड करत थर रचायचे, एवढंच काम. पण यंदाच्या गटप्रमुखानं सगळ्या गोण्या तट्ट भरून घेतल्या होत्या. एकीवर एक ठरेनात, गडगडायच्या. ठरल्या तरी फटींतून पाणी चालूच. भोजन गटातली एक मुलगी चहाची किटली घेऊन आली होती. थोडा वेळ बघत राहिली आणि शेजारणीला हळूच म्हणाली, "जरा कमी भरल्या तर बसतील गं." कोणी ऐकलं नाही. सरांनी ऐकलं. आता "तिचं ऐका" म्हणावं, तर ते तिचं राहत नाही, सरांचं होतं. न म्हणावं, तर ती पुन्हा बोलेल याची खात्री नाही. तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. "आरं, पोटभर जेवल्याला गडी मांडी घालून बसतुय व्हय? काढा थोडी माती!" पोरं हसली, शिवण उसवली, संध्याकाळपर्यंत पाणी अडलं. मुलगी किटली घेऊन केव्हाच परतली होती. आजोबांवरचा सरांचा राग मात्र शिबिर संपेपर्यंत गेला नाही.

1969 मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी एनएसएस 37 विद्यापीठांत, 40 हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. आता वर्षाच्या 120 तासांचा हिशेब पोरांना तोंडपाठ असतो आणि टिकाव हातात येण्याआधी मोबाइल वर होतो. सरांच्या मते 'नेतृत्वविकास' हा शब्द फलकावर चढला तिथेच घोळ झाला. राष्ट्र सेवा दल 1941 मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. त्याच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर आले. त्यांचा विकास करतोय असं कोणी त्यांना बजावलं असेल, हे सरांना पटत नाही.

रोटरॅक्टवाल्यांची, म्हणजे रोटरीच्या तरुण क्लबांची, सर मनसोक्त टिंगल करतात. पदग्रहण सोहळा, बॅनर, शाली, आणि मग वर्षभर त्या शालींचे फोटो. पण एक गोष्ट त्यांना सलते. त्या पोरांचा अध्यक्ष वर्षभरात खुर्ची सोडतो, आणि तोवर त्याला अंदाजपत्रक मांडता येतं, देणगीदाराशी बोलता येतं. "आमची पोरं बंधारा बांधतात, पण पैशाची पिशवी माझ्या खांद्याला," असं सर परवा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

म्हणून यंदा त्यांनी बाजाराचे पैसे भोजन गटाच्या हाती दिले. गटातल्या एका पोरानं आठवडी बाजारात घासाघीस करून वांगी, मेथी, कांदे स्वस्तात आणले. कार्यालयात हिशेब अडला. भाजीची छापील पावती हवी. पाटीवाल्या मावशी छापील पावती देतात कुठे? पोरानं साध्या कागदावर दर, वजन लिहून मावशींचा अंगठा घेतला होता, आणि ते कसं घेतलं हे तो नीट सांगायला लागलाही होता. तेवढ्यात सरांना राहवलं नाही. त्यांनी पोराला मागे सारलं आणि डॉक्टरांची मनाई विसरून, सगळ्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात कारकुनाशी भांडायला सुरुवात केली. बिल मंजूर झालं.