व्यंगचित्राचे वाचन

मराठी व्यंगचित्र दिवाळी अंकांनी वाढवले. आम्ही साहित्याचे अध्यापक मात्र त्या अंकांतील कथा-कविताच तेवढ्या अभ्यासास घेतो. शि. द. फडणीस (जन्म २९ जुलै १९२५) यांचे ‘मोहिनी’चे एक मुखपृष्ठ आठवावे : तरुण-तरुणीपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरे, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. शब्द एकही नाही, तरी त्या दोघांचे पुढे काय होणार ते उमगते. ध्वनिसिद्धान्त शिकवताना याहून सुबोध उदाहरण आम्हांला सापडलेले नाही. वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांनी तर व्यंगचित्रांची समीक्षाही लिहिली. आमच्या ग्रंथालयाच्या सूचीत मात्र अंकांतील लेखक नोंदले जातात, व्यंगचित्रकार नाहीत. अंक रद्दीत गेला तरी कथा पुढे संग्रहात उरते. चित्र बहुधा उरत नाही. ती सूची करणे हे मराठी विभागांचेच काम आहे, असे आम्हांला वाटते.