विठाबाईंची सुट्टी

विठाबाई नारायणगावकरांचं नाव काढलं की कुणीही पहिली तीच गोष्ट सांगतो. दिवस भरलेले, तमाशा रंगात आलेला आणि कळा सुरू झाल्या. बाई पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. मग पब्लिकच्याच लक्षात आलं आणि लोकांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला. कंपनीच्या बसमध्ये, व्हॉट्सअॅपवर, भाषणांत... मी ही गोष्ट निदान वीस वेळा ऐकली असेल. शेवट ठरलेला, 'याला म्हणतात कलेवरची निष्ठा!'

निष्ठा होतीच हो. पण मला आपला एक साधा प्रश्न पडतो. त्या रात्री बाईंना सुट्टी का नव्हती?

आम्ही नागोठण्याची माणसं तमाशाच्या बाबतीत तशी बाहेरचीच. आमच्याकडे गणपतीत बाल्या नाच, तमाशाचा मुलूख घाटावर. इकडे बऱ्याच जणांना तमाशा म्हणजे नुसती लावणी वाटते. पण ढोलकीफडाच्या तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे अख्खं नाटकच. विठाबाई गायच्या, नाचायच्या आणि वगात कामही करायच्या. 'मुंबईची केळेवाली' हा त्यांचा गाजलेला वग. एका बाईवर एवढा भार! आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतो. ती बसली की तंबू बसला.

जन्म 1935चा, पंढरपूरचा. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचा फड घरचाच. पुढे त्यांनी स्वतःच्या नावाचा फड काढला. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपती पदकं मिळाली. पण पदकावर चूल पेटत नाही, ती पेटते तिकिटावर आणि जत्रेच्या सुपारीवर. तमाशाचा सीझन साधारण दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. फडमालक कलाकारांना आधी उचल देतो, त्यासाठी स्वतः कर्ज काढतो आणि सगळं सीझनमध्ये फेडायचं असतं. खेळ बुडाला की मालकापासून ढोलकीवाल्यापर्यंत सगळ्यांना झळ. अशा धंद्यात 'मला बरं नाही' म्हणायचं कुणाला?

आपल्याकडे प्रसूती रजेचा कायदा 1961 साली आला. 2017 पासून 26 आठवडे भरपगारी रजा मिळते. आमच्या टीममधली एकजण अशीच रजेवर गेली, तिचं काम आम्ही चौघांनी वाटून घेतलं. तिची निष्ठा कुणी काढली नाही! फडावरच्या बाईला हीच रजा द्यायची तर आधी ठरवावं लागेल की ती नोकर कुणाची.

15 जानेवारी 2002 रोजी विठाबाई गेल्या. शेवटचे दिवस हलाखीचे होते, दवाखान्याच्या बिलासाठीसुद्धा लोकांची मदत लागली. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. पण पुरस्कार म्हातारपणी मिळतो, सुट्टी तरुणपणी लागते.

म्हणून मला त्या गोष्टीतले हात जोडणारे लोक जास्त आवडतात. तिकीट काढून आले होते, तरी म्हणाले, बाई, आता पुरे. त्या रात्रीची रजा बाईंना मिळाली ती पब्लिककडून, दुसरं कुणी द्यायला नव्हतंच. पुढच्या वेळी कुणी निष्ठेवर गोष्ट संपवली तर त्याला एवढं जरूर ऐकवा.