आधी काट्याशी जा

हदगाव

चि. पोरी,


विष्णुपुरीच्या आवारात कचरा वेगळा करण्यावर तुम्ही राष्ट्रीय सेवा योजनेवाले व्याख्यान ठेवताय, असं फोनवर म्हणालीस. ठेवा. पण टाळ्या पडतील आणि चहाचे कप खुर्च्यांखालीच राहतील.

त्यापेक्षा पुण्यात काय झालं ते बघ. १९९० च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कागद-काच वेचणाऱ्या बायकांत काम करू लागल्या. त्यांच्यासोबत फिरल्यावर दिसलं, की तोच माल घरातूनच वेगळा, कोरडा मिळाला तर उकिरड्यात हात घालावा लागत नाही आणि चार पैसेही जास्त सुटतात. १९९३ साली बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुढे तिच्यातूनच निघाली.

म्हणून म्हणते, पोरांना आधी भंगाराच्या दुकानात न्या. आमच्या इथला दुकानदार पुठ्ठा हातात घेताच सांगतो, ओल आहे का. ओला माल वजनाला चढतो, मग पुढचा व्यापारी कापून घेतो. तेलकट कागद तो काट्यावर ठेवतच नाही. प्रॅक्टिकलच्या वहीचं प्लास्टिकचं कव्हर आणि स्पायरलची तार आधी काढायला लावतो. बाटली एका पोत्यात, झाकण दुसऱ्यात. का, ते तुमच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल: बाटलीचा तुकडा पाण्यात बुडतो, झाकणाचा तरंगतो. दोन्ही प्लास्टिकच, पण जात वेगळी. एकत्र वितळवली तर माल बिघडतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेलं पोरगं उरलेला चहा रद्दीच्या डब्यात ओतणार नाही.

त्या दुकानदाराला तासाला बोलवा, आणि पाहुण्या प्राध्यापकाला देता तसं मानधन द्या. उपक्रम परीक्षा संपता संपता घ्या. खोल्या रिकाम्या होताना रद्दीचे ढीग निघतात.

एक मात्र आधी कर. वसतिगृह झाडणाऱ्या मावश्यांना विचार, आजवर ही रद्दी कोण विकतं. त्या विकत असतील, तर तुमच्या उपक्रमानं त्यांचे पैसे बुडता कामा नयेत. माल वेगळा करायचं काम तुमचं, विकायचा हक्क त्यांचा, असं पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.

तब्येतीला जप.

तुझी,
आत्या