नाव आहे, मुलगी नाही

रमजानच्या खरेदीसाठी विजापूर वेशीत गेले होते. गर्दीतून आवाज आला, "अस्सलाम अलैकुम मॅडम." वळून पाहिलं तर माझी जुनी विद्यार्थिनी. उर्दू माध्यमातली असून मराठीत वर्गात पहिली यायची. बीएला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे घेऊन घरी आली होती. मी सहज विचारलं, "आता शेवटचं वर्ष ना गं?"

"कॉलेज सोडलं मॅडम. सेकंड इयरलाच. नाव असेल अजून तिथं."

यंत्रमाग बंद पडला आणि अब्बांचं काम गेलं. अम्मी गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते, तिच्यासोबत हीपण जाऊ लागली. कॉलेजात दोन विषयांचे शिक्षक तासिका तत्त्वावरचे होते, ते मध्येच सोडून गेले. तास होत नव्हते. मग दिवसाची मजुरी बुडवून जायचं कशाला? मी विचारलं, "कॉलेजातून कुणी फोन केला?" ती हसली. "नाही मॅडम. कोण करणार?"

घरी येऊन इफ्तारची तयारी करताना तेच डोक्यात होतं. या मुलीला सरकारनं मोजलं असेल का? मोजलं असणार. प्रवेश घेतला त्या वर्षी नक्कीच.

आपल्याकडे उच्च शिक्षणाचं मोठं उद्दिष्ट ठरलेलं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०३५पर्यंत सकल नोंदणी प्रमाण ५० टक्क्यांवर न्यायचं आहे. म्हणजे १८ ते २३ वयाची जेवढी लोकसंख्या, तिच्या निम्म्याइतकी नावं कॉलेजांत नोंदलेली हवीत. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशाचं प्रमाण २८.४ होतं, महाराष्ट्राचं ३५.३. आपण पुढे आहोत, चांगलंच आहे. पण हे प्रमाण नोंदणीचं आहे. आलेल्यांपैकी किती टिकले, हे त्यातून कळत नाही.

नॅकच्या मूल्यांकनात निकालाची टक्केवारी विचारतात. तीही अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी किती पास झाले याची. दुसऱ्या वर्षात गळालेली माझी विद्यार्थिनी त्या हिशेबात येतच नाही. ती नापास नाही आणि पासही नाही. शंभर मुली आल्या, चाळीस उरल्या आणि चाळीसही पास झाल्या, तर निकाल शंभर टक्के!

उत्तरदायित्व ठरवता येत नाही असं मात्र नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६चा आहे, १ मार्च २०१७पासून लागू झाला. त्यात लिहिलं आहे की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, उशिरात उशिरा ४५ दिवसांत लावावा. जमलं नाही तर उशिराची कारणं कुलपतींना लेखी कळवावीत. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात संगणकावर पेपर तपासण्याच्या नव्या पद्धतीमुळे निकाल रखडले. गदारोळ झाला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. कायद्यात दिवस लिहिलेले होते, म्हणून जाब विचारता आला.

त्याच कायद्यानं मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षण व विकास आयोग आणला, 'माहेड' म्हणतात तो. प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत आराखडा करावा लागतो. नवं कॉलेज कुठे हवं, हे त्यात ठरतं. माझं म्हणणं एवढंच की त्या आराखड्यात एक रकाना वाढवावा. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी तिसऱ्या वर्षाअखेर किती राहिले? जिल्ह्यानुसार, मुली किती, कोणत्या समाजातल्या किती? आणि कमी राहिले तर निकालासारखीच लेखी कारणं द्यावीत.

समाजानुसार मोजावं, हे मी मुद्दाम म्हणते. २०११च्या जनगणनेत देशात मुसलमान १४.२ टक्के होते. २०२०-२१च्या सर्वेक्षणात उच्च शिक्षणातला त्यांचा वाटा ४.६ टक्के निघाला. हा आकडा मोजला गेला म्हणून त्यावर बोलता तरी आलं. जे मोजलं जात नाही, त्याचं दुःख फक्त घरातल्यांना असतं.

आमच्या पिढीच्या पदवी प्रमाणपत्रावर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं नाव आहे. साध्या कामासाठी एसटीनं कोल्हापूर गाठावं लागे. २००४ साली सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, तेही एकाच जिल्ह्यासाठी. तेव्हा वाटलं होतं, आता आपली मुलं थांबणार नाहीत. अंतर कमी झालं, ही मोठीच गोष्ट आहे. पण मध्येच थांबणाऱ्यांची विचारपूस कुणी करायची, हे अजून ठरलेलं नाही.

बोट सरकारकडे दाखवताना उरलेली बोटं माझ्याकडे आहेत, हे मला कळतं. दहावीचा निकाल लागला की आम्ही शाळेच्या दारात टक्केवारीचा फलक लावतो. मोहल्ल्यात गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, ट्रॉफी, फोटो सगळं होतं. दोन वर्षांनी त्यातली किती मुलं शिकतायत, हे ना आम्ही विचारतो, ना सत्कार करणारे. त्या मुलीला कॉलेजानं फोन केला नाही. मी तरी कुठे केला होता?

ईद झाल्यावर एक वही केली. गेल्या पाच वर्षांत दहावी झालेल्या माझ्या वर्गातल्या मुलींची नावं लिहिली आणि रोज दोघींना फोन लावायला सुरुवात केली. काही नंबर बंद आहेत. काहींची लग्नं झाली. सात जणींनी मधेच सोडलेलं आहे आणि त्यातल्या तिघी म्हणाल्या, "कुणी मार्ग दाखवला तर परत बसू." विजापूर वेशीत भेटलेली त्या तिघींत आहे. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर आम्ही दोघी येत्या रविवारी जाणार आहोत.

वाचकांपैकी कुणी यंदा सत्काराचा कार्यक्रम ठेवणार असेल, तर एक करा. तीन वर्षांपूर्वी ज्यांना ट्रॉफी दिली होती, ती यादी काढा आणि फोन लावून बघा.