पायातला क्लच

२६ जानेवारी यंदा सोमवारी आली. म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी! ऑफिसातली मंडळी लोणावळा, अलिबाग वगैरे ठिकाणी पळाली. मी आलापल्लीला गेलो. रात्रभर पुणे ते नागपूर, मग चंद्रपूर, आणि तिथून पुढे खिडकीबाहेर साग, साग आणि साग.

आलापल्ली ठाऊक नसेल तर सांगतो. गडचिरोली जिल्हा, अहेरी तालुका. चौकात उभं राहिलं की एक रस्ता अहेरीला, एक भामरागडला, एक सिरोंच्याला आणि एक चंद्रपूरकडे जातो. बाबा इथे वनखात्यात वनपाल होते. रिटायर झाले आणि इथेच राहिले. पुण्याला या म्हटलं की म्हणतात, "तिथं काय करू? लिफ्टमध्ये वरखाली?"

बाबांची गाडी म्हणजे १९६९ ची जावा. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीत १९६१ पासून या गाड्या तयार व्हायच्या. १९७३ च्या सुमारास नाव बदलून येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. आता जावा आणि येझदी ही नावं पुन्हा रस्त्यावर दिसतात, पण ती गाडी वेगळी, फोर-स्ट्रोक. आमची जुनी, टू-स्ट्रोक. सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन! गिअरचा लिव्हर आत दाबून उभा केला की तोच किक होतो. नवख्या माणसाला गाडी चालू कुठून करायची तेच कळत नाही.

पण तिची खरी गंमत वेगळीच. क्लच हाताने दाबता येतोच, पण गिअरचा लिव्हर पायाने हलवला तरी आतला एक कॅम क्लच आपोआप सोडवतो. पाय दाबून धरा, गिअर पडेल. पाय हळूहळू सोडा, गाडी निघेल. डावा हात नुसता मुठीवर ठेवायचा.

माझ्या पिढीला ही निव्वळ करामत वाटते. बाबांची मात्र ती गरज आहे. तीन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून त्यांचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, पकड काही परत आली नाही. चहाचा कप धरता येतो, क्लचचा लिव्हर आवळता येत नाही. तरी गाडी चालूच होती. सकाळी चौकापर्यंत, कधी डेपोच्या रस्त्याने. "हात सोबतीले आहे, काम पायाचं आहे," असं म्हणायचे.

मग गेल्या वर्षी क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं आणि गाडी तिथल्या तिथे. माझ्यातला इंजिनिअर जागा झाला!

क्लच म्हणजे थाळ्यांची चवड. एक स्टीलची थाळी, एक घर्षणाची, पुन्हा एक स्टीलची. स्प्रिंगांनी चवड आवळली की इंजिनचा जोर चाकाकडे जातो, सैल केली की तुटतो. जुन्या जावाच्या घर्षणाच्या थाळ्यांत चक्क बुचाचे तुकडे बसवलेले असतात, बाटलीचं असतं तेच बूच. बाबांच्या थाळ्यांतली बुचं झिजून सपाट झाली होती. पुण्यातल्या जुन्या बाजारात मला १९७० च्या दशकाच्या शेवटच्या येझदीचा अख्खा संच मिळाला, स्टीलच्या थाळ्यांसकट. बाहेरचा व्यास तोच, दातेही जुळत होते. दिवाळीला आलापल्लीत आलो, गिअर ऑइल काढलं, डावीकडचं कव्हर उघडलं आणि दुपारपर्यंत संच बसवला. क्लच जरा चिकटत होता, म्हणून केबल ताणून घेतली. भामरागडच्या रस्त्यावर चार-पाच किलोमीटर जाऊन आलो. मख्खन! संध्याकाळच्या फराळाला मी दोन्ही काळातल्या गाड्यांच्या सुसंगततेवर एक छोटंसं भाषणसुद्धा दिलं. बाबा हसत ऐकत होते.

त्यानंतर फोनवर दर रविवारी विचारायचो, "गाडी कशी आहे?" उत्तर ठरलेलं. "एकदम झकास."

या २४ तारखेला दुपारी घरी पोचलो. पडवीत गाडीवर जुनी चादर होती. चादर उचलली तर सीटवर बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तू नीट करून गेलास ना, तेव्हापासून काढलीच नाही त्यांनी. एकदा काढली होती, दारातच पडता पडता वाचले."

बाबा काहीच बोलले नाहीत. खूप खोदल्यावर म्हणाले, "तू एवढ्या हौसेनं केलं होतं. कशाले सांगायचं?"

खरं सांगतो, प्रॉडक्शन रात्री तीनला पडलं तेव्हाही पोटात असा खड्डा पडला नव्हता.

रविवारी सकाळी चौकाजवळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकला घरी घेऊन आलो. हा माणूस वनखात्याच्या गाड्या दुरुस्त करत म्हातारा झाला. त्याने क्लच हाताने दाबून पाहिला. ठीक. मग माझा हात बाजूला सारून पायाने गिअर टाकला. खर्रर्र... आणि गाडीने पुढे उडी मारली.

"तुम्ही हातानं तपासली का जी?"

"हो."

"बाबा तं पायानं चालवते."

बस्स. एवढंच बोलला आणि पाने काढायला बसला.

झालं होतं असं. येझदीच्या थाळ्या जावाच्या थाळ्यांपेक्षा किंचित जाड होत्या. माझ्या व्हर्नियरवर एका थाळीमागे फरक पाव मिलिमीटरही भरला नाही, म्हणून मी तो सोडून दिला होता. पण थाळ्या एकावर एक बसतात आणि फरकही एकावर एक बसतो. सगळी चवड उंच झाली, वरची दाबपट्टी बाहेर सरकली आणि तिला ढकलणारी काडी तिच्यापर्यंत पुरेशी पोचेना. हाताच्या क्लचचं यात काही अडलं नाही, कारण केबल ताणून मी ते अंतर भरून काढलं होतं. पायाच्या कॅमला ती सोय नाही. तो घडवलाय तेवढाच उचलतो, त्यामुळे क्लच अर्धवट सुटायचा. म्हणजे मी केलेली दुरुस्ती माझ्यापुरती बरोबर होती. मी क्लच हातानेच दाबतो, म्हणून मी तोच तपासला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो माणूस गाडी कशी चालवतो हे मी लहानपणापासून पाहत आलोय. तरी एकदाही पाय वापरून पाहिला नाही.

आतला स्क्रू फिरवून भागेल असं मला वाटलं. मेकॅनिकने फिरवून दाखवला, आटे संपले तरी अंतर उरलंच. मग त्याने विचारलं, "जुना माल फेकला का?"

मी मान खाली घातली. बाबा उठून आत गेले आणि तुपाचा एक जुना डबा घेऊन आले. दिवाळीला मी भंगारात टाकलेलं सगळं त्यात होतं, तेल लावून, फडक्यात गुंडाळून. (चाळीस वर्षं जंगलखात्यात काढलेला माणूस काहीही फेकत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.)

बुचं गेली होती, पण जुन्या स्टीलच्या थाळ्या धडधाकट होत्या. आणि त्या पातळ होत्या. काचेवर ठेवून एकेक तपासली, एकही वाकलेली नव्हती. मग घर्षणाच्या थाळ्या येझदीच्या आणि स्टीलच्या जावाच्या, अशी मिश्र चवड रचली. उंची जवळजवळ मूळ मापावर आली. आधी आतला स्क्रू पायाच्या हिशेबाने लावला, मग सगळ्यात शेवटी केबल. दिवाळीला मी नेमकं उलटं केलं होतं.

तपासणी या वेळी बाबांनी केली. मी गाडीच्या बाजूने चालत होतो, लहान मुलाला सायकल शिकवताना चालतात तसा. पायाने गिअर टाकला, आवाज नाही. पाय हळूच सोडला आणि गाडी निघाली. दहा पावलांवर बाबा म्हणाले, "बाजूले हो रे, सावली पडते." आणि गेले.

मुख्य रस्त्यावर जायचं नाही असं ठरलं होतं. वीस मिनिटं झाली, तीस झाली. मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. मेकॅनिक निवांत चहा पीत होता. शेवटी तो दोन सायलेन्सरचा आवाज आला. बाबा परत आले, हँडलला भाजीची पिशवी लटकलेली. म्हणजे चौकात जाऊन आले होते!

आईने पिशवी उघडून पाहिली आणि म्हणाली, "अर्धी वांगी किडकी आहेत."

बाबा म्हणाले, "उद्या बदलून आणतो."