बिनसाखरेचा प्याला

ती. मामा,


तुम्ही आयुष्यात थेंबाला शिवला नाहीत, तरी हे पत्र तुम्हालाच.

शनिवारी ऑफिसातल्या मुलींनी मला इथे चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, फेज वनला नेलं. इथे पूर्वी नुसते कारखाने. २००५ मध्ये प्लॉटचा वापर बदलायला परवानगी मिळाली आणि मॉल, हॉटेलं उभी राहिली. आम्ही बसलो तो पब एका जुन्या शेडमध्ये होता. शेजारच्या गाळ्यात लेथ अजून चालू होती.

मेन्यूत कॉकटेलांना लेखकांची नावं! हेमिंग्वेचं ठीक आहे. हवानाच्या फ्लोरिडिता बारमध्ये त्याने डायकिरीतली साखर काढायला लावली आणि रम दुप्पट करून घेतली. गालिबचाही हक्क आहे, दारूत गुलाबपाणी मिसळायची आपली खोड त्याने स्वतःच एका फारसी शेरात सांगून ठेवलीय.

शिवकुमार बटालवीचं नाव शोधलं. नव्हतं. बरं वाटलं. ‘लूणा’ला १९६७ चं साहित्य अकादमी मिळालेला हा कवी याच शहरात स्टेट बँकेत नोकरी करायचा. दारूने यकृत गेलं, १९७३ मध्ये छत्तिसाव्या वर्षी तोही गेला. त्याच्या नावाच्या ग्लासाला संत्र्याची साल कोणत्या हाताने लावायची?

मुलींनी विचारलं, तुमच्या मराठीत कुणाच्या नावाने काढशील? तोंडातून ‘एकच प्याला’ निघून गेलं. नाव काय फक्कड, आणि नाटक कसलं! तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला त्या खो खो हसल्या. दारुड्या सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं सांगितल्यावर मात्र एकीने ग्लास जरा लांब सरकवला. बिचारे गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं बडोद्याला नाटक लावलं.

मला आपला गणपतीतला मांडव दिसत होता. तुम्ही सुधाकर, ग्लासात कोरा चहा, विंगेत किटली धरून मी. शेवटाकडे तुमचा हात असा कापायचा की चहा धोतरावर सांडायचा. आजी पुढच्या रांगेत पदर डोळ्यांना लावायची. पोरगा सुपारीसुद्धा खात नाही हे तिला ठाऊक असून!

मी तिथे कोरा चहा मागितला. मिळाला नाही, लिंबूसोडा प्यायले.

एक विचारायचं इतकी वर्षं राहिलंय. किटली मामी भरून द्यायची. त्या चहात ती साखर घालायची, की हेमिंग्वेसारखा बिनसाखरेचाच?

तुमची,
किटलीवाली भाची